स्कँडिया: घर एक, पैशाचे मालक दोन

विमा कंपनीची भानगड म्हटली की आपल्याला क्लेम अडवले, एजंटने टोपी घातली, कंपनी बुडाली असलंच काहीतरी आठवतं. स्वीडनच्या स्कँडियाचं तसं नाही. कंपनी बुडाली नाही, क्लेम थांबले नाहीत, ज्याच्यावर खटला चालला तो सीईओ अपिलात निर्दोष सुटला, आणि तरी २००३ मधे स्वीडनच्या पेपरांत दुसरा विषयच नव्हता असं म्हटलं तरी चालेल. चर्चा झाली ती बोनस आणि फ्लॅटची. मला विचाराल तर तो भाग वाचायला चटपटीत आहे, पण खरी गोम वेगळीच आहे. एकाच कंपनीत शेअरहोल्डरचा पैसा आणि पॉलिसीहोल्डरचा पैसा शेजारी शेजारी ठेवला, दोन्हीच्या चाव्या एकाच टेबलावर ठेवल्या, तर काय होतं, याचं हे प्रकरण आहे.

थोडा इतिहास आधी. स्कँडिया १८५५ ची, स्टॉकहोमची. आग आणि आयुर्विमा, दोन्ही एकाच कंपनीत. तोपर्यंत तिकडे आगीचा विमा म्हणजे गावकऱ्यांनी किंवा सरकारी आशीर्वादाने चालवलेली परस्पर मदतीची मंडळं असायची, भागभांडवल काढून शेअरवाली विमा कंपनी उभी करणं ही नवी गोष्ट होती. स्टॉकहोमचा शेअर बाजार १८६३ मधे सुरू झाला आणि स्कँडिया तिथली अगदी जुनी मंडळी, २००६ पर्यंत ती यादीत होती. त्या काळच्या स्वीडनमधे आगीचा विमा म्हणजे काही पोरखेळ नव्हता, शहरंच्या शहरं लाकडाची. २५ जून १८८८ ला सुंड्सवाल आणि उमेओ ही उत्तरेकडची दोन शहरं एकाच दिवशी जळाली, एकाच दिवशी! नंतर सुंड्सवालचा मध्यभाग दगड-विटांचा बांधला गेला, आजही तो भाग बघायला लोक जातात.

मग पुढची शंभर वर्षं विमा कंपनीने जसं वागावं तशी ही कंपनी वागली, म्हणजे कंटाळवाणी. छोट्या-मोठ्या कंपन्या गिळल्या, १९६३ मधे थुले ही मोठी प्रतिस्पर्धी घेतली, परदेशात पुनर्विमा (म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा) केला. बाजारात सोबतीला फोल्कसाम होती जी सहकारी आणि कामगार चळवळीतून आलेली, ट्रिग-हान्सा होती, जिल्ह्याजिल्ह्याच्या परस्पर कंपन्यांची (म्हणजे ग्राहकच मालक असलेल्या) लान्सफॉरसेक्रिंगार होती. स्वीडिश माणसाला स्कँडिया म्हणजे आजोबांच्या पेन्शनचा कागद.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे. स्कँडिया ही शेअरहोल्डरची कंपनी. तिच्या पोटात स्कँडिया लिव नावाची आयुर्विमा कंपनी. कागदावर लिवचे शंभर टक्के शेअर स्कँडियाकडे. पण स्वीडनच्या नियमाप्रमाणे त्या प्रकारच्या जुन्या आयुर्विमा कंपनीला मालकाला डिव्हिडंड द्यायलाच बंदी. जो काही नफा होईल तो बोनस म्हणून पॉलिसीवाल्यांना परत गेला पाहिजे. म्हणजे मालकी स्कँडियाची पण मलई स्कँडियाला नाही. आणि लिव लहानसहान नव्हती, लाखो लोकांची पेन्शन तिथे, गुंतवलेली रक्कम स्कँडियाच्या स्वतःच्या भांडवलापेक्षा कितीतरी मोठी. लिवचं ऑफिस तेच, ब्रँड तोच, आणि मोठे निर्णय वरच्याच लोकांच्या सावलीत. मुलीच्या नावावर प्रचंड ठेव आहे आणि आईला हात लावायची परवानगी नाही, पण पासबुक आईच्या कपाटात. आता बोला.

१९८० च्या दशकापासून ब्योर्न वोलरात यांच्या हाताखाली कंपनीने जुना कारभार हळूहळू बाजूला सारायला सुरुवात केली. १९९६ मधे अमेरिकेतला पुनर्विम्याचा धंदा कॅनडाच्या फेअरफॅक्सला विकला (हैदराबादचे प्रेम वत्स, तेच). १९९४ मधे शाखा नसलेली स्कँडियाबँकेन काढली, आधी फोनवर मग इंटरनेटवर. १९९९ मधे गाडी-घराचा विमा नॉर्वेच्या स्टोरब्रँडच्या तशाच धंद्याबरोबर एकत्र करून 'इफ' नावाची नवी कंपनी केली, जी पुढे फिनलंडच्या साम्पोकडे गेली आणि आज नॉर्डिक देशांत या क्षेत्रात सगळ्यात मोठी आहे. म्हणजे बघा, आगीच्या विम्यावर जन्मलेल्या कंपनीने आगीचा विमाच वेगळा काढून दिला. उरलं काय, तर बचत. यान कॅरेंडी नावाच्या अधिकाऱ्याने एएफएस हा विभाग वाढवला, युनिट-लिंक्ड योजना, म्हणजे आपल्याकडची यूलिप समजा. फंड दुसऱ्यांचे, विकणारे दलाल-सल्लागार दुसरे, स्कँडियाचं फक्त मधलं विम्याचं वेष्टन आणि हिशेब. माणसं कमी, धंदा मोठा. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या शेल्टन गावातून अमेरिकन स्कँडिया व्हेरिएबल अॅन्युइटी (पैसे फंडात टाकणारी पेन्शन योजना) विकायला लागली आणि अक्षरशः सुटली.

याच एएफएसमधे लेफ एडविनसन. १९९१ मधे त्यांना 'इंटलेक्च्युअल कॅपिटल'चं संचालकपद दिलं, असलं पद आधी कुणी ऐकलेलंच नव्हतं. ताळेबंदात न दिसणारी संपत्ती, म्हणजे माणसांचं कौशल्य, ग्राहकांशी नातं, सिस्टिम, हे मोजायचं. १९९४ पासून वार्षिक अहवालासोबत त्याची वेगळी पुरवणी यायला लागली आणि मॅनेजमेंट शिकवणाऱ्या जगाने ती डोक्यावर घेतली. स्कँडिया नॅव्हिगेटर नावाचा आराखडा एमबीएच्या वर्गांमधून शिकवला जायचा. कल्पना वाईट नव्हती, मी तिची टिंगल करणार नाही. पण न दिसणारं मोजायची सवय लागलेल्या कंपनीला अजून न आलेलं मोजायला फारसं जड जात नाही.

आता नफ्याचा हिशेब. हा भाग जरा सावकाश वाचा.

उदाहरणादाखल आकडे घेऊ, माझे आहेत, कंपनीचे नाहीत. अमेरिकेतल्या एका माणसाने १ लाख डॉलरची अॅन्युइटी घेतली. पैसे शेअर फंडात गेले. विकणाऱ्या दलालाला कमिशन ६ हजार, पहिल्याच दिवशी, कंपनीच्या खिशातून. कंपनीला मिळणार काय, तर फंडाच्या किमतीवर दरवर्षी समजा १.४ टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी १,४०० डॉलर. रोख रकमेत बघितलं तर पहिल्या वर्षी ४,६०० चा खड्डा. पण बाजार दरवर्षी १० टक्के वाढला असं धरलं तर दहा वर्षांत फीचे साधारण २२ हजार होतात, त्यातून खर्च वजा करा, आजच्या किमतीत आणा, तरी चांगला नफा दिसतो. एम्बेडेड व्हॅल्यू नावाच्या पद्धतीत हा पुढे येणारा नफा आजच मोजायचा. पद्धत बेकायदेशीर नाही, बऱ्याच आयुर्विमा कंपन्या वापरतात, आपल्या लिस्टेड कंपन्यांचे तिमाही निकाल काढून बघा, हाच शब्द सापडेल. गडबड ही की जितकं जास्त विकाल तितका कागदावरचा नफा मोठा आणि त्याच वेळी तिजोरी रिकामी. तिजोरी भरायला कर्ज काढायचं किंवा भविष्यातली फी आजच विकून टाकायची, दोन्ही केलं गेलं. आणि बाजार ४० टक्के पडला तर? फंड ६० हजारांवर, फी १,४०० वरून ८४० वर. दहा वर्षं बाजार तिथेच बसला तर एकूण ८,४००, त्यातले ६ हजार दलाल कधीच घेऊन गेला. वर या योजनांत मृत्यूनंतरची किमान हमी असायची, म्हणजे ग्राहक पडत्या बाजारात गेला तर वारसाला मूळ रक्कम द्यायची आणि फरक कंपनीने भरायचा. फी आटली की नेमकं त्याच वेळी हमीचं ओझं वाढतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात ते हेच, फक्त इथे भटाला तुरीवर बोनसही मिळत होता.

कारण बोनस याच आकड्याला बांधलेला होता. १९९७ मधे लार्स-एरिक पेटरसन सीईओ झाले. वरच्या लोकांसाठी वेल्थबिल्डर आणि शेअरट्रॅकर अशा दोन योजना, पैकी वेल्थबिल्डर ही धंद्याचं कागदी मूल्य किती वाढलं यावर. तिला ३० कोटी क्रोनरची (स्वीडनचं चलन) मर्यादा होती. २००० मधे बाजार शिखरावर असताना ती मर्यादा काढली गेली, आणि सरकारी वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे त्यामुळे साधारण १५ कोटी ६० लाख क्रोनर जादा गेले. म्हणजे दहा-पंधरा वर्षांत कदाचित येणाऱ्या नफ्यावरचा बोनस आज रोख. नफा आला नाही तर बोनस परत घ्यायची सोय नाही.

मग डॉटकॉमचा फुगा फुटला, २००१ चा सप्टेंबर आला, अमेरिकेतली विक्री बसली. स्कँडियाचा शेअर २००० च्या शिखरावरून २००३ च्या सुरुवातीपर्यंत ९० टक्क्यांहून जास्त पडला. ज्या अमेरिकन स्कँडियावर सगळी कथा उभी होती ती डिसेंबर २००२ मधे अमेरिकेच्याच प्रुडेन्शियल फायनान्शियलला विकायचं जाहीर झालं, सव्वाशे कोटी डॉलरच्या आसपास, आणि मे २००३ मधे व्यवहार पूर्ण. त्याआधी एप्रिलमधे पेटरसन गेले होते.

पण मला या सगळ्यापेक्षा जास्त बोचतो तो जानेवारी २००२ चा एक शांत व्यवहार. पैशाची गरज होती, म्हणून स्कँडियाने आपली फंड मॅनेजमेंट कंपनी नॉर्वेच्या डीएनबी बँकेला विकली, किंमत ३२० कोटी क्रोनर. आता असल्या कंपनीत विकण्यासारखं काय असतं? ऑफिस नाही, कॉम्प्युटर नाहीत. असतं ते इतकंच की तिच्याकडे सांभाळायला कुणाचा तरी मोठा पैसा आहे आणि तो पुढची काही वर्षं तिथेच राहणार आहे. तो पैसा मुख्यतः लिवचा होता, म्हणजे पॉलिसीवाल्यांचा. लिवने पुढच्या वर्षांसाठी करार करून दिला की आमचा पैसा डीएनबीच सांभाळेल, आणि विक्रीची रक्कम गेली स्कँडियाकडे, म्हणजे शेअरहोल्डरकडे. लिवला डिव्हिडंड द्यायची बंदी होती ना? डिव्हिडंड दिलाच नाही. फक्त तिच्या ठेवीची राखण करायचा हक्क आईने विकला आणि पैसे आईने ठेवले. पुढे हे प्रकरण लवादाकडे गेलं आणि लवादाने २००८ मधे लिवच्या बाजूने निकाल दिला, स्कँडियाने भरपाई द्यायची. बारा लाखांच्या आसपास पॉलिसीवाल्यांच्या वतीने सामूहिक दावाही लागला होता, स्वीडनमधे तेव्हा सामूहिक दाव्याचा कायदाच नवा होता. एवढं सगळं होऊन बाहेर किती जणांना हा व्यवहार आठवतो? फ्लॅट मात्र सगळ्यांना आठवतात.

तर फ्लॅट. स्टॉकहोममधे भाड्याचं घर मिळणं म्हणजे काय प्रकार आहे हे तिथे राहणाऱ्याला विचारा. भाडं नियंत्रित, त्यामुळे शहराच्या मध्यावरच्या घरासाठी रांगेत वर्षानुवर्षं नाव लावून बसायचं. मुंबईत पागडीच्या घरात वाढलेल्यांना यातला नाजूकपणा वेगळा सांगायला नको, घराची किंमत भाड्यात नसते, ते घर मिळण्यातच असते. तर २००३ मधे बाहेर आलं की विमाधारकांच्या पैशातून घेतलेल्या इमारतींमधले फ्लॅट कंपनीतल्या बड्यांच्या मुलांना मिळाले आहेत, आणि काही ठिकाणी राजेशाही नूतनीकरण झालं आहे ज्याचं बिल विमाधारकांच्या कंपनीकडे. रकमेने बघितलं तर डीएनबीच्या व्यवहारापुढे किरकोळ. पण सामान्य स्वीडिश माणूस एम्बेडेड व्हॅल्यूवर चिडू शकत नाही, रांग मोडून घर घेणाऱ्यावर चिडू शकतो. आपल्याकडेही आदर्श सोसायटीवर लोक जितके पेटले तितके कुठल्या ताळेबंदावर पेटले?

वकील ओटो रुडबेक आणि ऑडिटर योरान टिडस्ट्रम यांनी केलेल्या चौकशीचा अहवाल १ डिसेंबर २००३ ला आला आणि संचालक मंडळाची उरलीसुरली अब्रू गेली. अहवालाची नापसंती एका माणसापुरती नव्हती. बोनस योजनांवर संचालकांची नजर नव्हती, कोणी काय मंजूर केलं याचे धड कागद नव्हते, लिव आणि स्कँडियाचे हितसंबंध टकरावतात तिथे भिंत नव्हती. मंडळाचे अध्यक्ष राहिलेले लार्स रामक्विस्त म्हणजे एरिक्सनचे माजी प्रमुख, स्वीडिश उद्योगातलं मोठं नाव. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला खात्री वाटावी अशीच माणसं.

पेटरसन यांच्यावर विश्वासभंगाचा खटला झाला, मुद्दा वेल्थबिल्डरची मर्यादा काढण्याचा. २००६ मधे स्टॉकहोमच्या खालच्या कोर्टाने दोन वर्षांची शिक्षा दिली, २००७ मधे अपील कोर्टाने निर्दोष ठरवलं. बरेच जण यावर नाक मुरडतात, 'मोठे सुटतातच'. मला उलट वाटतं. कंपनीची रचनाच अशी होती की कायद्याने बोट ठेवावं असा एक माणूस आणि एक गुन्हा शोधणंच अवघड, सगळं कुठल्या ना कुठल्या योजनेत, करारात, सहीत बसत होतं. त्याच सुमाराला एबीबी या बड्या स्वीडिश-स्विस उद्योगाचे माजी प्रमुख पर्सी बार्नेविक यांच्या पेन्शनवरूनही स्वीडन तापलेलं होतं, सरकारने उद्योगांवरच्या विश्वासाचा विचार करायला आयोग नेमला होता, आणि १ जुलै २००५ पासून लिस्टेड कंपन्यांसाठी कारभाराची संहिता लागू झाली. ती नुसत्या स्कँडियामुळे आली नाही, पण तिच्या चर्चेत स्कँडियाचं नाव टळत नाही.

पुढचा भाग मला सगळ्यात गमतीचा वाटतो. सप्टेंबर २००५ मधे दक्षिण आफ्रिकेच्या ओल्ड म्युच्युअलने स्कँडियावर बोली लावली, सुमारे ३४० कोटी पौंड. संचालक मंडळ म्हणालं किंमत कमी आहे, नको. छोट्या शेअरहोल्डरांची संघटना म्हणाली नको. दीडशे वर्षांची राष्ट्रीय कंपनी परदेशी मालकाकडे जाणार म्हणून भावनाही होत्या. पण मोठे गुंतवणूकदार फंड विकायला तयार झाले आणि २००६ मधे स्कँडिया स्टॉकहोमच्या बाजारातून उतरली.

ही ओल्ड म्युच्युअल आपल्यालाही माहितीची आहे. मुंबईहून चालणारी कोटक महिंद्रा ओल्ड म्युच्युअल लाइफ इन्शुरन्स, २००१ ची, ज्यांच्या घरात तिच्या जुन्या पॉलिसी आहेत त्यांनी कागदावर हे नाव वाचलं असेल. तिच्यातला २६ टक्के हिस्सा कोटकने २०१७ मधे १,२९२ कोटी रुपयांना घेऊन टाकला आणि नावातून ओल्ड म्युच्युअल गेलं. मूळची ही १८४५ मधे केप टाउनला निघालेली परस्पर कंपनी, म्हणजे मालक ग्राहकच. १९९९ मधे तिने ते रूप सोडलं, शेअर काढले, लंडनच्या बाजारात गेली, आणि हातात आलेल्या ताकदीवर जगभर खरेदी केली. स्कँडिया ही त्यातलीच.

आणि मग २००८ चं संकट आलं, ओल्ड म्युच्युअललाच कर्ज कमी करायची वेळ आली. डिसेंबर २०११ मधे जाहीर झालं की नॉर्डिक देशांतला स्कँडियाचा धंदा २,२५० कोटी क्रोनरला विकतोय. विकत घेणार कोण? स्कँडिया लिव. तीच, कपाटातल्या पासबुकवाली. मार्च २०१२ मधे पॉलिसीवाल्यांच्या पैशातून मुलीने आईला विकत घेतलं. जानेवारी २०१४ पासून सगळी कंपनी परस्पर झाली, मालक तेच जे ग्राहक. शेअरहोल्डर नावाचा पक्षच हिशेबातून गेला. ब्रिटनकडचा भाग ओल्ड म्युच्युअलकडे राहिला आणि २०१८ मधे क्विल्टर नावाने वेगळा झाला, नॉर्वेतली स्कँडियाबँकेन स्बँकेन झाली आणि शेवटी डीएनबीनेच घेतली. हो, तीच डीएनबी.

काही जण याला काव्यात्म न्याय वगैरे म्हणतात. मी म्हणणार नाही, कारण त्या २,२५० कोटींचा विचार करा. जो धंदा बऱ्याच अंशी पॉलिसीवाल्यांच्याच पैशावर आणि विश्वासावर उभा होता तो परत मिळवायला पॉलिसीवाल्यांनीच पैसे मोजले. लिवच्या नेतृत्वाचा हिशेब असा होता की कायमचं भाडं आणि कायमची भांडणं यापेक्षा एकदाच घर घेतलेलं बरं. आकड्यांनी तो पटतो. तरी खटकतं.

आपल्याकडे हा प्रश्न एलआयसीच्या निमित्ताने आला होता, पण फार कुणी त्यावर बोललं नाही. २०२२ च्या आयपीओआधी एलआयसीचा सगळा फंड एकत्र असायचा आणि नफ्यातला ९५ टक्के वाटा पॉलिसीवाल्यांचा, ५ टक्के सरकारचा. आयपीओच्या तयारीत फंडाचे दोन भाग केले, बोनसवाल्या पॉलिसींच्या नफ्यातला शेअरहोल्डरचा वाटा टप्प्याटप्प्याने १० टक्के करायचं ठरलं, आणि बोनस नसलेल्या पॉलिसींचा नफा पूर्णपणे शेअरहोल्डरचा. कायदा करून, उघडपणे, आकडे छापून झालं, त्यामुळे याला स्कँडियाच्या रांगेत बसवणं चूक होईल. पण आयपीओच्या त्या महिन्यांत पॉलिसीहोल्डर कोट्याचा फॉर्म कसा भरायचा याचे व्हिडिओ जितके फिरले त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढीही चर्चा या ९५ आणि ९० वर झाली नाही.

परस्पर कंपनी झाली म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. शेअरहोल्डर लोभी असतो पण दर तिमाहीला प्रश्न विचारतो, शेअर पडला की आरडाओरडा करतो. पॉलिसीवाला पंचवीस वर्षांत एकदा फाइल उघडतो. आता स्कँडियात ग्राहकांचे निवडून आलेले प्रतिनिधी सर्वसाधारण सभेत बसतात आणि संचालक मंडळ निवडतात, रचना बरी आहे. पण २००० मधेही स्कँडियाच्या मंडळावर नावाजलेली माणसं होती आणि लिवचं स्वतःचं मंडळ वेगळं होतं. डीएनबीच्या करारावर लिवकडून कुणीतरी सही केलीच होती.